खडे मीठ आणि जड धातू : भीती किती, काळजी किती?



आपल्या कार्यक्रमाकडे हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. "आगरातलं खडे मीठ नैसर्गिक म्हणून चांगलं, असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, त्या मिठात शिसं आणि पारा असतो. मग घरात आणायचं तरी कोणतं?" प्रश्न रास्त आहे. मीठ घरातला प्रत्येक माणूस रोज खातो, अगदी तान्ह्या पोराची आईसुद्धा. म्हणून या पत्रिकेत हा हिशेब नीट मांडून पाहू.

जड धातू म्हणजे काय?

शिसे, कॅडमियम, पारा ही मुख्य नावे. आर्सेनिकही याच यादीत धरतात. यातले काहीच शरीराला लागत नाही. थोडे थोडे पोटात गेले तरी काही भाग साठून राहतो. शिसे हाडांत साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि एका दिवसात त्रासही होत नाही. म्हणूनच याबाबत अंदाजाने बोलू नये.

मीठ पिकते तेव्हा धातूंचे काय होते?

पेण, उरण, वसई, डहाणू किंवा सिंधुदुर्गातले शिरोडे, कुठल्याही आगरावर काम साधारण एकसारखेच. भरतीचे पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटू लागले की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर आपले खाण्याचे मीठ दाणे धरते. शेवटी जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. जाणता आगरी ते पाणी वेळेवर काढून टाकतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. मिठाचा दाणा वाढताना आपल्यासारखेच कण जोडून घेतो आणि परके कण बरेचसे बाहेर ठेवतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेल्या धातूंचा मोठा भाग त्या कडवट पाण्यातच उरतो. धातू मिठात येतात ते मुख्यतः दोन वाटांनी: दाण्याला चिकटून राहिलेल्या कडवट पाण्यातून आणि वाफ्याच्या तळच्या गाळातून. खाडीचा बारीक चिखल धातूंना धरून ठेवतो. म्हणून स्वच्छ, पांढरे, नीट निथळलेले मीठ आणि काळपट, चिखलाचे मीठ एकाच आगरातले असले तरी त्यांना सारखे समजू नये.

जागेचाही फरक पडतो. ठाणे-बेलापूरसारख्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेली खाडी आणि कारखान्यांपासून दूर, मोकळ्या समुद्राचे पाणी घेणारे आगर यांचा गाळ एकसारखा नसतो. "नैसर्गिक" या शब्दाने यातले काहीच कळत नाही. मीठ कुठल्या पाण्याचे, कसे धुतलेले, कसे निथळलेले, हे विचारायला हवे.

हिशेब करून पाहू

आंतरराष्ट्रीय अन्न संहितेने, म्हणजे कोडेक्सने, खाण्याच्या साध्या मिठासाठी मर्यादा घातल्या आहेत. एक किलो मिठात शिसे १ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त नसावे.

समजा, तुमचे मीठ बरोबर या मर्यादेवर आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. ५ ग्रॅम मिठातून ५ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. (एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.) पिण्याच्या पाण्यात संघटनेने लिटरला १० मायक्रोग्रॅम शिशाची मर्यादा ठेवली आहे. म्हणजे मर्यादेवरच्या अर्ध्या लिटर पाण्यातून जेवढे शिसे जाते, तेवढेच. कॅडमियम २.५ मायक्रोग्रॅम जाईल. ६० किलो वजनाच्या माणसाला महिन्याला १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम कॅडमियम ही तज्ज्ञ समितीची सोसण्याची मर्यादा आहे. मिठाचा वाटा त्यात विसावा भाग.

याचा अर्थ काय घ्यायचा? मर्यादेत बसणाऱ्या मिठाला घाबरायचे कारण नाही. पण शिशाची अमुक मात्रा अगदी निर्धोक, असे आज कोणी सांगत नाही. तेव्हा जे टाळता येते ते टाळावे. आणि दिवसाला ५ ऐवजी १० ग्रॅम मीठ खाल्ले तर हा हिशेब दुप्पट होतो, शिवाय रक्तदाबाचे दुखणे मागे लागते ते वेगळेच. मीठ कमी खाणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय.

महागडे मीठ शुद्धच असते का?

नाही. २०२० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तिथल्या बाजारातले गुलाबी मिठाचे ३१ नमुने तपासले. त्यातल्या एका नमुन्यात शिसे त्या देशाच्या मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे किलोला २ मिलिग्रॅमहून अधिक निघाले. डोंगरातले मीठ, समुद्रातले मीठ, पुडीतले मीठ, यांचा खरेपणा रंगावर किंवा भावावर ठरत नाही, तपासणीवर ठरतो.

त्यापेक्षा मोठी चूक: आयोडीन सोडणे

धातूंच्या भीतीने किंवा "नैसर्गिक" म्हणून काही घरांत आयोडीनयुक्त मीठ बंद करतात. हे मात्र करू नका. समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असते, हा समज चुकीचा आहे. पाणी आटताना ते मिठात जवळजवळ येतच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर बाईला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडले तर गलगंड होतो, आणि पोटातल्या मुलाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. यासाठीच आपल्या देशात १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी बिनआयोडीन मीठ विकण्यावर २००६ पासून पुन्हा बंदी आहे. दुकानात मिळणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे.

खडे मीठच आवडत असेल तर आयोडीनयुक्त खडे मीठही बाजारात मिळते. ते घ्या. पण ते धुऊ नका, कारण आयोडीन दाण्याच्या वरच लावलेले असते, ते पाण्याबरोबर निघून जाते. डबा घट्ट झाकणाचा ठेवा, चुलीजवळ ठेवू नका. मिठात आयोडीन आहे की नाही हे पाहण्याची साधी किट आशाताईकडे मिळते का, विचारून बघा.

घरी काय तपासता येते, काय नाही?

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दोन चमचे मीठ विरघळवा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी चिखलाचा थर दिसला तर ते मीठ स्वयंपाकात वापरू नका. ही चाचणी गाळाची आहे. पेला स्वच्छ दिसला म्हणजे शिसे नाही, असे मात्र समजू नका.

काही जण मीठ विरघळवून, गाळून, पुन्हा उकळून आटवतात. त्याने माती जाते. पण पाणी पार कोरडे होईपर्यंत आटवले तर विरघळलेले धातू मिठातच परत येतात. शिवाय तांब्या-पितळेच्या भांड्यात मिठाचे पाणी उकळले तर भांड्याचा धातूही मिठात उतरतो. त्यामुळे हा खटाटोप न केलेला बरा.

खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेला पदार्थ कोणाही ग्राहकाला ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. एकट्याला खर्च जड वाटला तर बचत गटाने किंवा गावाने मिळून एक नमुना पाठवावा. आगर गावातलेच असेल तर आगरवाल्यालाही सोबत घ्या. त्याचे मीठ चांगले निघाले तर त्याचाच माल खपेल.

मीठ सोडून इतर वाटा

शिसे आणि कॅडमियम पोटात जाण्याच्या मिठापेक्षा मोठ्या वाटा घरात असू शकतात. बिडी-तंबाखू ही कॅडमियमची मोठी वाट, कारण तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम ओढून पानात साठवते. भेसळीची पिवळीधमक हळद, जुन्या बॅटऱ्या घराजवळ फोडणे, उडालेला जुना रंग, कथिलात शिसे मिसळून केलेली कल्हई, लोणच्यासाठी वापरलेली रंगीत झिलईची स्वस्त भांडी, या शिशाच्या वाटा. मिठाची चर्चा करताना ओठातली बिडी तशीच राहिली, तर हिशेब चुकला म्हणायचा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा. पुडीवर परवाना क्रमांक आणि आयोडीनचा उल्लेख पाहा.

२. काळपट, ओलसर, चिखलाचे मीठ खाण्यात घेऊ नका. नारळाच्या आळ्यात टाकायला आणलेले सुटे मीठ स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

३. "औद्योगिक वापरासाठी" असे लिहिलेल्या पोत्यातले किंवा कातडी खारवण्यासाठी एकदा वापरलेले मीठ माणसांना नको आणि जनावरांनाही नको.

४. सुटे मीठ घेताना ते कुठल्या आगराचे, हे विचारा.

५. कोणतेही मीठ असो, बेताने खा.

मीठ महाग आहे की स्वस्त, पांढरे आहे की गुलाबी, यावर भांडत बसू नका. ते कुठून आले, स्वच्छ आहे का आणि त्यात आयोडीन आहे का, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहा.