स्तंभ शून्यापासून मोजा

१४ एप्रिल जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर समाजाच्या प्रगतीचे आलेख फिरू लागतात. उंच निळा स्तंभ दिसला की आपण तो लगेच पुढे पाठवतो. पण स्तंभालेख वाचायचा कसा, हे सहावीच्या गणितात शिकलेलं आपल्यातले बरेच जण विसरून गेलेले असतात. म्हणून ही थोडी उजळणी.

स्तंभालेखात आडव्या अक्षावर तुलना करायचे गट असतात आणि उभ्या अक्षावर आकडे. सगळ्या स्तंभांची रुंदी सारखी, त्यांच्यातलं अंतरही सारखं. बदलते ती फक्त उंची. म्हणून सगळी तुलना उंचीवर उभी असते आणि फसवणूकही तिथेच होते.

२०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊ. सात वर्षं व त्यावरील वयाच्या लोकांमध्ये देशाची साक्षरता ७३ टक्के, बौद्धांची ८१.३ टक्के. १ सेंमी = १० टक्के हे प्रमाण धरलं तर एक स्तंभ ७.३ सेंमीचा, दुसरा सुमारे ८.१ सेंमीचा होतो. आता उभा अक्ष शून्याऐवजी ७० पासून सुरू करा आणि १ सेंमी = १ टक्का धरा. स्तंभ होतात ३ आणि ११.३ सेंमी. आकडे तेच, पण आपला स्तंभ साडेतीन पटींहून उंच! आज ही युक्ती आपल्या बाजूने वाटते. उद्या आपल्या विरोधातही तीच वापरली जाईल. म्हणून आधी पाहायचं, अक्ष शून्यापासून सुरू होतो का?

दुसरं पाहायचं, स्तंभ संख्येचा आहे की टक्क्यांचा? देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात राहतात. साक्षर बौद्धांची नुसती संख्या राज्यवार मांडली तर महाराष्ट्राचा स्तंभ उंच येणारच. त्यावरून इथे शिक्षण जास्त पसरलं, असं ठरत नाही. लोकसंख्या वेगवेगळी असेल तर टक्केवारीच घ्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ८१.३ हा एकच स्तंभ पाहून ऊर भरून येतो. पण सातवीत शिकलेला जोडस्तंभालेख काढा. बौद्ध पुरुष ८८.३ टक्के, बौद्ध स्त्रिया ७४ टक्के. देशात पुरुष ८०.९, स्त्रिया ६४.६. आपल्या स्त्रिया देशातल्या स्त्रियांच्या सरासरीपेक्षा नऊ टक्क्यांहून पुढे आहेत, हे खरं. पण आपल्याच घरातल्या पुरुषांपेक्षा त्या चौदा टक्क्यांनी मागे आहेत, हेही तितकंच खरं. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असं बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं. एकट्या स्तंभात लपलेली ही दरी जोडस्तंभात उघडी पडते.

येत्या रविवारी विहारातल्या मुलांच्या वर्गात हे करून पाहा. वाचनालयातून महिन्याभरात मुलींनी किती पुस्तकं नेली, मुलग्यांनी किती, हे मुलांनाच मोजू द्या. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक पुस्तक धरून स्तंभ रंगवायला सांगा. मग विचारा, फरक का पडला? मुली संध्याकाळी घरकामात अडकतात का? आलेख उत्तर देत नाही, पण नेमका प्रश्न हातात देतो.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण विहारात ऐकतो. मोबाइलवर आलेल्या स्तंभालाही तीच कसोटी लावूया.

जय भीम!