बिऱ्हाड हलवावं, पण हिशेबानं!

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. आपल्या बिऱ्हाडाला मात्र छोटा हत्ती लागतो, आणि तोही एका खेपेत पुरत नाही!

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आम्ही पवनीहून भंडाऱ्याला राहायला आलो. ह्यांचं काम भंडाऱ्याला गेलं होतं, रोजच्या एस.टी.त पैसा आणि जीव दोन्ही जात होते. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत काहीच नाही. नेमकं त्याच वेळी घर बदलायचं! माझ्यासारख्या कितीतरी मैत्रिणींवर ही वेळ येते, म्हणून हा हिशेब मोकळेपणानं मांडते आहे.

आधी वही, मग घर

एका रात्री जेवणं आटोपल्यावर मी वही घेऊन बसले. नव्या घराचं भाडं साडेचार हजार. दोन महिन्यांचं डिपॉझिट ९,००० आणि पहिलं भाडं ४,५००. गाडी २,५००, दोन हमाल १,२००, पंखे-नळ बसवणाऱ्याचे ७००, गॅस आणि किरकोळ ११००. बेरीज झाली १९,०००. डब्यातले आणि बँकेतले मिळून हाताशी होते ११,०००.

आठ हजार कमी! जुन्या घरमालकाकडे आमचं सहा हजार डिपॉझिट होतंच. पण ते मिळणार घर रिकामं केल्यावर, आणि नवं घर डिपॉझिट भरल्याशिवाय मिळणार नाही. मैत्रिणींनो, घर बदलताना खरा फास हाच असतो. आपण गाडीच्या भाड्यावरून घासाघीस करत बसतो आणि ह्या दोन डिपॉझिटांमधल्या खड्ड्याचा विचारच करत नाही. मग ऐनवेळी कुणीतरी व्याजानं पैसे देतो आणि वर्षभर ते फेडत बसावं लागतं.

सासूबाईंचा गुंड

मी आकडे पुन्हा पुन्हा मांडताना पाहून सासूबाई उठल्या आणि त्यांचा पितळी गुंड माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाल्या, “हा मोडीत घाल, पोरी. पितळेले भाव हाये.”

त्या गुंडाची गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंचं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं. वैनगंगेवरच्या ह्या धरणाची पायाभरणी १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या धानाच्या शेतीला त्याचं पाणी मिळावं हा हेतू. त्यासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. सासूबाई सांगतात, लोकांनी दाराच्या चौकटी, सागवानी फाटे, छपरावरचे कवेलूसुद्धा उतरवून नेले. नव्या गावठाणात प्लॉट मिळाला, पण परसातली चिंच आणि नदीचा घाट नेता येईना. मोबदल्याचे पैसे आले तसे एका लग्नात आणि एका मोटारसायकलीत संपले. “पैसा आला तं हिशोब नाही केला. तू करतेस, हे बरं हाये,” असं त्या म्हणाल्या.

त्या गावातून आलेल्या वस्तूंपैकी आता हा एकच गुंड उरला होता. मी तो उचलून जागेवर ठेवला आणि म्हटलं, “आई, हा शेवटी. आधी बाकीचं बघू.”

आठ हजार कुठून आले?

आमची बारा जणींची भिशी आहे, दरमहा प्रत्येकी पाचशेची. माझा नंबर दिवाळीत होता. एप्रिलचा नंबर जिचा होता तिला मी सरळ अडचण सांगितली. लाज वाटली, पण सांगितली. तिनं एका शब्दात नंबर बदलून दिला. सहा हजार झाले.

मग घरात न लागणाऱ्या वस्तू काढल्या. लोखंडी दिवाण आणि मोडका रॅक विकून १,३०० आले. नवी जागा लहान, तिथे दिवाण मावणारच नव्हता. जे मावणार नाही त्याला गाडीभाडं कशाला द्यायचं? हमालांऐवजी माझे तीन भाचे आले, तेव्हा १,२०० वाचले, पण त्यांच्या जेवणखाणाला ४०० गेले. सगळं मिळून ८,१०० झाले. गुंड वाचला आणि वर शंभर रुपये उरले!

बांधाबांध

महिनाभर आधीपासून किराणा भरणं बंद केलं. डबे रिकामे होत गेले की ओझं आपोआप घटतं. विकतची खोकी आणली नाहीत. तांदळाच्या चुंगड्यांत कपडे, कपड्यांत काचसामान आणि पातेल्यांत मसाल्याचे डबे भरले. आरसा दोन गाद्यांच्या मध्ये उभा ठेवला. जड भांडी गाडीत ड्रायव्हरच्या केबिनला लागून खाली ठेवावीत. एक पिशवी मात्र वेगळी असावी. तिच्यात देव, औषधं, कागदपत्रं, बल्ब, मेणबत्ती, चहा-साखर आणि एक पातेलं ठेवावं. ती गाडीत न टाकता हातात घ्यावी.

गाडी पहाटे पाचला बोलावली. आपल्याकडे दहानंतर ऊन माणसाला उभं राहू देत नाही. शिवाय रोवणीचे दिवस टाळावेत. तेव्हा माणसं मिळत नाहीत, आणि पाऊस गाद्या भिजवतो तो वेगळाच.

घर बघताना आणि सोडताना

भंडाऱ्यात घर बघताना मी शेजारणीला पहिला प्रश्न विचारला, “ऑगस्ट २०२० च्या पुरात इथे पाणी कुठवर आलं होतं?” वैनगंगेनं त्या वर्षी शहराचे बरेच भाग बुडवले होते. भाडं दोनशेनं कमी असलेली एक खोली मी एवढ्याच कारणानं सोडली.

जुन्या घरमालकानं सहा हजारांतून रंगाचे म्हणून दीड हजार कापले. चूक माझीही होती. राहायला गेलो तेव्हा भिंतींचा एकही फोटो ठेवला नव्हता आणि लेखी काही नव्हतं. आता शहाणी झाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. भाड्याची पावतीही त्यानं द्यायला हवी. नव्या घरी किल्ली हातात आली तसे प्रत्येक भिंतीचे फोटो काढले आणि मीटरचा आकडा वहीत लिहिला.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. रेशन कार्ड बदलायला वेळ लागला तरी धान्य अडत नाही, आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून नव्या गावच्या रेशन दुकानातूनही ते मिळतं. गाव बदलताना गॅस एजन्सीकडून ट्रान्स्फर व्हाउचर घ्यायला विसरू नका. आणि मूल पहिली ते आठवीत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

नव्या घरात सामान उतरायच्या आधी देव आत गेले. मागोमाग सासूबाईंनी गुंड स्वतः घासून, पाणी भरून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. उरलेल्या शंभर रुपयांचं दूध आणून मी उतू घातलं आणि उरलेल्याची भाच्यांसाठी खीर केली.

संध्याकाळी सासूबाई गुंडातलं पाणी पेल्यात घेत म्हणाल्या, “आता झालं घर.”

भिशीचे पाचशे मी अजून दर महिन्याला भरते आहे. पण ते मैत्रिणींचे आहेत, सावकाराचे नाहीत. त्यामुळे रात्री झोप छान लागते!