समुद्र डाव्या हाताला ठेवा

मोटरसायकलवरून फोटो काढायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कुठला घेऊ? मी त्याला उलट विचारतो, जाताना समुद्र कुठल्या हाताला असेल? प्रश्न चावट वाटतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर निम्मे फोटो तिथेच हुकतात.

पुण्या-मुंबईचे बहुतेक जण अलिबाग, मुरुड करत खाली रत्नागिरीकडे उतरतात. आपण चालतो रस्त्याच्या डाव्या बाजूने, आणि दक्षिणेला जाताना समुद्र येतो उजव्या हाताला. वळण घेताच खाली खाडी दिसते, पण थांबायचं तर समोरून येणारी एसटी आणि डंपर चुकवून पलीकडे जायचं. मग मनात म्हणायचं, परत येताना बघू. आणि परत येताना सोमवारच्या ऑफिसच्या धास्तीने मुंबई-गोवा महामार्ग पकडायचा. याउलट सगळी वाट उलटी करा. जाताना कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट करत सरळ रत्नागिरी गाठा आणि किनाऱ्याने वर या. आरे-वारेच्या चढावर समुद्र तुमच्या बाजूला असेल. इंडिकेटर दिला, गाडी डांबरावरून खाली घेतली, फोटो काढला. कॅमेरा तोच, माणूस तोच, फोटो दुप्पट.

बाईकवरच्या फोटोग्राफीत लेन्सच्या आधी येतं ते थांबणं. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. काहीतरी छान दिसलं, थांबू का नको या विचारात तीन सेकंद गेले की तुम्ही 50 मीटर पुढे. मागे वळायचा कंटाळा येतो. त्यातून थांबलोच तर हातमोजे काढा, हेल्मेट काढा, बंजी सोडा, रेन कव्हर उचला, चेन उघडा. तिसऱ्या थांब्याला माणूस म्हणतो, जाऊ दे, मोबाईलवर काढू. त्यामुळे कॅमेरा निवडताना माझी एकच कसोटी आहे: स्टँड लावल्यापासून अर्ध्या मिनिटात तो डोळ्याला लागला पाहिजे. जो लागत नाही, तो कितीही भारी असला तरी त्या सफरीपुरता घरीच राहिलेला बरा.

म्हणून आधी बॅग ठरवायची, मग कॅमेरा. टँक बॅग ही सगळ्यात सोयीची जागा. डोळ्यासमोर असते, खाली फोम असला की धक्के बरेचसे मुरतात, आणि गाडीवरून न उतरता कॅमेरा काढता येतो. टेल बॅग आणि टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे असतात, खड्ड्याचा दणका तिथे पुरेपूर बसतो; तिथे कपडे आणि हवेचा पंप ठेवा. पाठीवरच्या सॅकमध्ये कॅमेऱ्याला धक्के कमी बसतात, कारण ते तुमचं अंग खातं. पण पडलात तर तोच कडक ठोकळा मणक्याखाली येणार. गळ्यात कॅमेरा लटकवून चालवणारेही दिसतात. तो छातीवर आपटतो, टाकीला चरे पाडतो आणि अपघातात बरगडीत शिरायला बसलेला असतो. तसं करू नका.

हादऱ्यांची गोष्ट गंभीर आहे, विशेषतः हँडलवर मोबाईल लावून नकाशा बघणाऱ्यांसाठी. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून चांगल्या फोनमध्ये लेन्स किंवा सेन्सर चुंबकांच्या जोरावर जवळपास तरंगत ठेवलेला असतो. जायरोस्कोप हालचाल ओळखतो आणि तो भाग उलट दिशेला सरकतो. हीच नाजूक रचना इंजिनाच्या सततच्या थरथरीने बिघडू शकते. 2021 साली खुद्द ॲपलने आपल्या ग्राहकांना तसा इशारा दिला: मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन थेट बसवू नका, स्कूटरवरही बसवायचा तर हादरे शोषणारा माउंट वापरा. बिघाड झाला की फोन काही भागांवर फोकसच करत नाही, कडा लाटेसारख्या हलतात. नकाशासाठी घरातला जुना फोन लावावा आणि चांगला खिशात ठेवावा, हा त्यातला स्वस्त मार्ग.

आता कॅमेरा. दिवसाउजेडी, रुंद दृश्य, व्हॉट्सॲपवर टाकायचं किंवा छोटी प्रिंट काढायची, एवढंच असेल तर तुमच्याकडचा फोन पुरतो. नवीन खर्च करू नका. फोन मार खातो तो संध्याकाळनंतर आणि लांबच्या गोष्टींवर. तिथे सेन्सरचा आकार कामाला येतो. एपीएस-सी सेन्सर साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा, चांगल्या खिशातल्या कॅमेऱ्यांतला ‘एक इंची’ म्हणवला जाणारा 13.2 बाय 8.8 चा, आणि बहुतेक फोनचा त्याहूनही लहान. मोटरसायकलसाठी मला एपीएस-सी मिररलेस आणि एकच झूम लेन्स हा मध्य सगळ्यात पटतो. वजन पाऊण किलोच्या आत राहतं. फुल फ्रेम आणि वजनदार झूम घेतलात तर तेच दीड किलोच्या आसपास जातं, आणि टँक बॅगेत पाण्याच्या बाटलीला जागा उरत नाही. दुसरी लेन्स नेऊच नका. धुळीच्या वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके, आणि ते ठिपके पुढच्या प्रत्येक फोटोच्या आकाशात. हेल्मेटवरचा ॲक्शन कॅमेरा व्हिडिओसाठी ठीक, पण त्यातून काढलेली स्थिरचित्रं सगळी एकाच उंचीवरून, एकाच रुंद नजरेने बघितलेली असतात. पाहणारा दहाव्या चित्राला जांभई देतो.

गाडीचा फोटो काढताना होणारी सर्रास चूक फोनच्या अशाच रुंद लेन्सची आहे. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण 24 ते 26 मिलिमीटरच्या नजरेने बघतो. जवळ उभं राहून काढला की पुढचं चाक बैलगाडीच्या चाकाएवढं आणि मागची सीट उंदराएवढी. दहा पावलं मागे या आणि दोन पट झूम लावा. गाडी आपल्या खऱ्या बांध्याची दिसू लागेल. हँडल किंचित वळवा म्हणजे आऱ्या दिसतील. आरशातून विजेचा खांब उगवलेला नाही ना, ते बघा. गुडघ्यावर बसून इंजिनाच्या उंचीवरून काढा. उभ्याने काढलेली गाडी पार्किंगमधली वाटते. क्रोमच्या सायलेन्सरमध्ये तुमचा स्वतःचा लाल टीशर्ट चमकतोय का, तेही एकदा तपासा. वाळूत साइड स्टँड रुततो, त्याखाली जांभ्याची एखादी कपची सरकवून मगच मागे फिरा.

धावत्या गाडीचा फोटो हा वेगळाच खेळ, आणि त्यात महागड्या कॅमेऱ्याचा उपयोग फार थोडा. सोबतच्या मित्राला पुढून येऊ द्या. शटर 1/1000 ठेवला तर आऱ्यासुद्धा गोठतात आणि गाडी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. शटर 1/60 वर आणा, आवश्यक तर 1/30, आणि गाडी समोरून सरकताना कॅमेरा तिच्याबरोबर कमरेतून वळवा. बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. गाडी स्पष्ट, मागची झाडं ओढल्यासारखी. पहिले कितीतरी फोटो फुकट जातात, ते जाऊ द्यावेत. हा सराव रिकाम्या सरळ रस्त्यावर, रस्त्यापासून चांगलं बाजूला उभं राहून करायचा. घाटातल्या आंधळ्या वळणावर नाही. उलट तुम्हीच मागच्या सीटवर बसून काढत असाल तर हिशेब पालटतो: 1/500 किंवा त्याहून वेगवान, कारण तिथे तुम्हीच हलताय.

किनाऱ्यावरच्या उजेडाचाही एक स्वभाव आहे. कोकणचा समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या आणि डोंगराच्या बाजूला. होड्या, घरं, माणसं समोरून उजळतात आणि पाणी खरोखर निळं दिसतं. गाव सड्याच्या अगदी पायथ्याला असेल तर ऊन वाळूवर जरा उशिरा उतरतं, तोवर चहा घ्या. संध्याकाळी सगळं उलटं: सूर्य समोर, म्हणून माणसं आणि होड्या काळ्या आकृत्या होतात. त्याच वेळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चाललेला असतो. तिथे सूर्यास्ताचा फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. मी पाठ फिरवून, तिरप्या उन्हाने उजळलेले चेहरे शोधतो. मात्र विचारून काढावेत. लिलाव हा कोळणीचा धंदा आहे, तुमचा तमाशा नाही, आणि बोली चालू असताना तिच्या तोंडासमोर लेन्स घालणाऱ्याला जे ऐकावं लागतं ते छापता येणार नाही.

उत्तरेला येताना खाड्या ओलांडाव्या लागतात, आणि तिथे फेरीबोटी आहेत: जयगडहून तवसाळ, धोपावेहून दाभोळ, वेश्वीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा. सक्तीचा थांबा असल्याने फोटोग्राफरला याहून चांगली जागा सापडणं कठीण. गाडी आत घेतली, साइड स्टँडवर लावून गिअरमध्ये ठेवली की हात मोकळे. बोटीच्या रॅम्पवरून उतरणाऱ्या स्कूटर, मधे अडकलेला टेम्पो, टोपल्या घेऊन उकिडव्या बसलेल्या बायका, तिकिटांचा गठ्ठा बोटांत धरलेला पोरगा, हे सगळं पाच-सहा पावलांत. आणि बोट फिरताना ऊनही फिरतं, त्यामुळे दोन मिनिटांत समोरचा चेहरा उजेडातून सावलीत जातो. या खाड्यांवर पूल झाले की हे संपणार, म्हणून ते आत्ताच काढून ठेवण्यासारखं आहे.

माणसांचा मुद्दा निघालाच आहे तर डॅनी लायनचं नाव घ्यावंसं वाटतं. हा अमेरिकन छायाचित्रकार साठच्या दशकात शिकागोच्या आउटलॉज या बाईकवाल्यांच्या टोळीत स्वतः सामील झाला, त्यांच्याबरोबर हिंडला, आणि 1968 साली ‘द बाइकरायडर्स’ हे पुस्तक काढलं. त्यात ओहायो नदीवरच्या पुलावरून जाताना मान वळवून मागे बघणारा स्वार आहे, 1966 चा, लुईव्हिलचा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढलेला तो फोटो गाडीमुळे नव्हे, त्या वळलेल्या मानेमुळे लक्षात राहतो.

पाऊस आणि खारी हवा मात्र कॅमेऱ्याला सोसत नाही. ‘वेदर सील’ असं लिहिलेलं असतं ते पावसाच्या शिंतोड्यांसाठी. हायवेवर समोरून मारणाऱ्या सरीसाठी नाही. ओएम सिस्टीमच्या ओएम-1 सारख्या थोड्या कॅमेऱ्यांना आयपी53 असं ठरीव प्रमाणपत्र असतं, आणि ऑलिम्पसचा छोटा टीजी-6 पंधरा मीटर पाण्याखालीही चालतो, त्यामुळे ताम्हिणीतल्या जुलैसाठी तो छान. फोनच्या आयपी68 वर विसंबून समुद्रात उतरू नका, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. ओल्या रस्त्यावरची आणि पानांवरची चकाकी घालवायला पोलरायझर फिल्टर घ्या. सूर्याशी काटकोनात उभं राहिलात की आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक दिसतो; पानांवरची चकाकी गेली की हिरवा रंग एकदम गडद होतो. बदल्यात तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, हे ढगाळ दिवशी लक्षात ठेवायचं. घरी आल्यावर ओलसर मऊ कपड्याने कॅमेऱ्याचं मीठ पुसून, वाळवून मगच डब्यात. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा. नारिंगी दाणे हिरवट पडले की तापवून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, आणि लोक ते सरळ पोळीच्या तव्यावर तापवतात.

लडाखची गोष्ट वेगळी. खारदुंग ला 5,300 मीटरच्या वर, तिथे ओल नाही पण थंडीने बॅटऱ्या धडाधड उतरतात. जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. रात्री थंडगार कॅमेरा तापलेल्या खोलीत आणायचा तर आधी पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर दव साचतं.

पैशांचं बोलायचं तर बऱ्याच जणांना सेकंडहँडच परवडतं, आणि बाईकवर तेच शहाणपणाचं. लेन्स घेताना फोनचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि पुढून, थोडं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ते फंगस आहे, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ते हमखास सापडतं. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, खरखर लागली तर आत वाळू आहे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का बघा. विकणारा टॉर्च मारू देत नसेल, तर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि गाडीला किक मारा.