मोठ्या पंपाच्या शाफ्टाचें रन-आउट कसें मोजावें?

उपसा सिंचनाचा सामाईक पंप ऐन पाण्याच्या पाळींत थांबला, तर एकाचें नव्हे, सर्व सभासदांचें पीक करपतें. मिस्त्री 'शाफ्ट आउट आहे' असें सांगतो आणि नव्या शाफ्टाचा खर्च सर्वांच्या माथीं बसतो. तो खर्च खरोखर आवश्यक आहे कीं नाहीं, हें पाहण्यापुरतें ज्ञान प्रत्येक सभासदास असावें, म्हणून आम्ही हा विषय येथें मांडीत आहों.

शाफ्ट बेअरिंगांत फिरत असतां त्याचा पृष्ठभाग स्थिर न राहतां पुढेंमागें डोलतो. त्या डोलास रन-आउट म्हणतात. तो मोजण्यास डायल गेज लागतो. त्याच्या नेहमीच्या तबकडीवरील एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग होय.

प्रथम वीज तोडून स्विचास कुलूप घालावें. शाफ्टावरील गंज व रंग काढून टाकावा. गेज पंपाच्या स्थिर अंगास घट्ट बसवून त्याचें टोंक शाफ्टाच्या मध्याकडे सरळ रोखावें. शाफ्टाभोंवतीं सारख्या अंतरानें खडूच्या आठ खुणा कराव्या. पहिल्या खुणेवर कांटा शून्यावर आणून शाफ्ट हातानें एकाच दिशेस हळू फिरवावा व प्रत्येक खुणेचा आंकडा लिहावा. फेरा पुरा होतांच कांटा पुन्हा शून्यावर आलाच पाहिजे. जमीनमोजणी जशी फिरून पहिल्या दगडाशीं मिळावी लागते, तसेंच हें आहे. न मिळाल्यास गेज हलला असें समजून मोजणी पुन्हा करावी.

समजा, सर्वांत मोठा आंकडा अधिक ४ घरें व सर्वांत लहान उणें २ घरें आला. तर रन-आउट ६ घरें, म्हणजे ०.०६ मिलिमीटर झालें. शाफ्टाचा मध्य मात्र त्याच्या निम्म्यानेंच, ०.०३ मिलिमीटर, सरकलेला असतो.

एकाच जागेच्या मापावरून निर्णय करूं नये. बेअरिंगाजवळ माप अल्प व मधल्या भागीं अधिक असेल, तर शाफ्ट वांकला असें समजावें. केवळ कपलिंगावरच अधिक असेल, तर दोष बहुधा कपलिंगाचा. तेथें शाफ्ट बदलून उपयोग नाहीं. एका फेऱ्यांत कांटा दोनदां चढला व उतरला, तर शाफ्ट लंबगोल झिजला असावा. कांटा एकाच ठिकाणीं एकाएकीं उडाल्यास तेथें खोंच अथवा चावीची खांच पाहावी. बेअरिंगच सैल असेल, तर हीं सर्व मापें फसवीं होत.

तापलेल्या यंत्राचेंही माप घेऊं नये. वाफेचें मोठें टर्बाइन बंद केल्यावरही कांहीं काळ सावकाश फिरवीत ठेवतात. कारण स्थिर राहिल्यास त्याची वरची बाजू खालच्यापेक्षां अधिक उष्ण राहून शाफ्टास बांक येतो.

किती रन-आउट चालेल हें यंत्राच्या पुस्तकावरून ठरवावें. मापाचा कागद तारीख घालून दप्तरीं ठेवावा. गतवर्षींचा कागद हातीं असला, म्हणजे दोष जुना कीं नवा, वाढता कीं स्थिर, हें तत्काळ कळतें. सभेंत खर्च मंजूर करण्यापूर्वीं सभासदांनीं प्रथम हा कागद मागावा.