पाऊस तोच, खोली वेगळी

बांधाच्या दोन्ही अंगांना पाऊस सारखाच पडतो, कापूस मात्र सारखा येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते त्याचं नुकसान मोजणाऱ्यांना.

या जिल्ह्याची माती मुख्यतः बेसाल्ट खडकाच्या झिजेतून आली. तापीकाठी, शहाद्याकडे ती खोल साचली; धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारांवर वीतभर खाली मुरूम लागतो. मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. मुरमावरच्या २५ सेंटिमीटर थरात ४० मिलिमीटर मावलं तरी पुष्कळ. भर वाढीतलं पीक रोज ४-५ मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली, तर बरड रानातलं पीक आठ-दहा दिवसांत माना टाकतं, भारी रानातलं महिनाभर तग धरतं. पुढे पाऊस संपल्यावर बोंडं भरतात तीही याच साठलेल्या ओलीवर.

भारी जमीन प्रत्येक साली जिंकतेच असं नाही. झड लागली की तिथे वाफसा येत नाही, मुळं गुदमरतात, पीक पिवळं पडतं. अशा वर्षी निचऱ्याचं मध्यम रान पुढे जातं.

खोलीचं हे महत्त्व इंग्रजांच्या महसूल खात्यानं ओळखलं होतं. मुंबई इलाख्याच्या १८४७ च्या मोजणी नियमांत मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरे. उतार, चुनखडी, वाळू असे दोष असले की प्रत घसरे. हेतू सारावसुलीचा होता, पण पाहणी नेमकी होती. आजचा सातबारा क्षेत्र सांगतो, पीक सांगतो. माती किती खोल ते सांगत नाही.

पीक विम्यात मुख्य पिकांचं उत्पादन महसूल मंडळाच्या सरासरीवर मोजतात. मंडळातल्या भारी रानांनी सरासरी सावरली, की त्याच मंडळातल्या बरड रानाचं जळालेलं पीक हिशेबात दिसतच नाही. मला हा उघड अन्याय वाटतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे वाण खोलीनुसारच शिफारस केले आहेत: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, भारीला फुले वसुधा. खरिपालाही हाच न्याय लावावा. पेरणीआधी शेतात दोन-तीन ठिकाणी पहारीनं खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते पाहावं. वीतभरावर लागला, तर तिथे कापसावर पैसा लावण्यापेक्षा उडीद, कुळीथ, भगर बरी.