दार अडीच फुटांचं, पण मोजलं कुठून कुठवर?

“ताई, नकाशा मंजूर झाला बरं का! पुढच्या आठवड्यात जोत्याचं काम सुरू,” परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. अभिनंदन राहिलं बाजूला, माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “न्हाणीघराचं दार किती रुंद धरलंय?”

ती हसलीच. “अडीच फूट. सगळ्यांचं असतं तेवढंच. तू पण ना ताई! मी ओट्याच्या दगडाचा रंग विचारायला फोन केला होता.”

ओट्याचा दगड नंतरही ठरवता येतो, मैत्रिणींनो. दाराचं माप मात्र भिंत उभी राहिली की ठरून गेलेलं असतं. हे मला कसं कळलं, ते सांगते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधलं. फरशा, ओटा, रंग, देवघर यांत मी जातीनं लक्ष घातलं. दारं-खिडक्या मात्र ‘ते मिस्त्रींचं काम’ म्हणून सोडून दिल्या. सहा वर्षांनी सासूबाई अंगणात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरी चाकांची खुर्ची आली. खोलीच्या दारातून ती गेली, पण न्हाणीघराच्या दारात अडली. खुर्ची २५ इंच रुंद. दार अडीच फूट, म्हणजे ३० इंच. मग अडावी का? मी शिवणाच्या पेटीतली टेप आणून मोजलं, तर दार उघडून राहणारी वाट भरली जेमतेम २४ इंच!

एका इंचापायी रोज दोन वेळा आम्ही दोघं सासूबाईंना उचलून आत नेत होतो. जन्मभर दुसऱ्यांना हाताला धरून नेणारी ती बाई. त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. शेवटी भिंत फोडली. तेव्हा कळलं की दारावरचा लिंटेल दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा इंच टेकलेला आहे. वाट रुंद करायची तर त्याचा आधारच कमी होणार. मग तोही नवा टाकावा लागला. त्या रंगाच्या फरशा बाजारात उरल्या नव्हत्या. दाराशेजारच्या दोन ओळी आजही वेगळ्या रंगाच्या आहेत.

एका दाराची चार मापं

गवंड्यानं लबाडी केली नव्हती. त्यानं भिंतीत बरोबर ३० इंच जागा सोडली होती. तिला मिस्त्री लोक ‘ओपनिंग’ म्हणतात. तिच्यात लाकडी चौकट बसली. चौकटीचं लाकूड दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच, म्हणजे ५ इंच गेले. दार काटकोनात उघडलं तरी त्याची जाडी वाटेत येते, तिथे आणखी सुमारे एक इंच गेला. उरले २४.

म्हणजे एकाच दाराची चार मापं असतात: भिंतीतल्या ओपनिंगचं, चौकटीचं बाहेरून, दाराच्या फळीचं आणि माणूस जाईल त्या मोकळ्या वाटेचं. भारतीय मानकांतल्या लाकडी दाराचा हिशेब पाहा. ओपनिंग १००० मिलिमीटर, चौकट बाहेरून ९९०, फळी ९००, आणि चौकटीचं लाकूड ६० मिलिमीटरचं असेल तर आतून वाट ८७०. आता ‘दार किती?’ असं विचारलं तर गवंडी १००० सांगेल, चौकट करणारा ९९० आणि फळी विकणारा ९००. तिघंही खरंच बोलतील, आणि घोटाळा आपल्या घरात होईल!

म्हणून हिशेब उलटा मांडायचा. आधी ठरवा, या दारातून काय जायला हवं? कपाट, फ्रीज, पलंगाची फळी, खुर्ची? ती झाली मोकळी वाट. तिच्यात चौकट आणि दाराची जाडी मिळवा, मग चौकटीभोवतीची सांद धरा, आणि आलेलं माप गवंड्याला द्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत चाकांच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी वाट ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट धरली आहे. प्रत्येक घरी तेवढं जमणार नाही, पण निदान एका खोलीला आणि एका न्हाणीघराला जरूर विचार करावा.

उंची कुठून मोजायची?

दाराची उंची मोजायची ती तयार फरशीपासून, कच्च्या स्लॅबपासून नव्हे. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून दोन-तीन इंच सहज चढतात. हे विसरलं की सात फुटांचं दार पावणेसात फुटांचं होतं आणि शेवटी सुतार फळी खालून कापत बसतो. भिंती वर येऊ लागल्या की मिस्त्रीला पाण्याच्या नळीनं घरभर एकच समपातळीची रेघ मारायला सांगा. फरशी कुठवर येणार, खिडकीचा कट्टा कुठे, लिंटेल कुठे, हे सगळं त्या रेघेवरून मोजायचं. मग एक खिडकी वर, एक खाली असं होत नाही.

खिडकी कसली, ते आधी ठरवा

सरकत्या दोन पल्ल्यांची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. चार फुटांच्या खिडकीतून वारा येणार दोन फुटांचा! बाहेर उघडणारी असेल तर पूर्ण मोकळी होते, पण मग ग्रिल आणि डासांची जाळी कुठे बसणार, हा प्रश्न येतो. स्वयंपाकघरात खिडकीचा कट्टा ओट्यापेक्षा आठ-नऊ इंच तरी वर हवा, नाहीतर नळ पल्ल्याला अडतो. गॅस मात्र अगदी खिडकीखाली येऊ देऊ नका, वाऱ्यानं ज्योत हलते.

ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची तयार खिडकी घेणार असाल तर भिंत बांधण्याआधीच कारखानदाराकडून एक गोष्ट लिहून घ्या: ‘या खिडकीला ओपनिंग किती, आणि ते गिलाव्याआधी की गिलाव्यानंतर?’ कडेच्या गिलाव्यात दोन्ही बाजूंना मिळून इंचभर जागा जाते. खिडकी खास मापानं करून घेणार असाल, तर गिलावा झाल्यावर त्यांच्या माणसालाच माप घ्यायला बोलवा.

आणखी एक गंमत. गवंडी बोलतो फूट-इंचांत, कारखाना मिलिमीटरमध्ये. ‘एक फूट म्हणजे ३००’ असा सोयीचा हिशेब सगळेच करतात. खरा फूट ३०४.८ मिलिमीटरचा. पाच फुटांच्या खिडकीत २४ मिलिमीटरचा फरक पडतो, जवळजवळ एक इंच!

टेप हातात घ्या

नकाशाच्या कोपऱ्यात दारं-खिडक्यांचा तक्ता असतो: डी-१, डी-२, डब्ल्यू-१ अशा खुणांचा. त्याची प्रत मागून घ्या आणि आर्किटेक्टला विचारा, “ही मापं ओपनिंगची की चौकटीची?” पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा उंचीचा, हेही पक्कं करून घ्या.

भिंतीत जागा सोडली की स्वतः मोजा. रुंदी खाली, मध्ये आणि वर. उंची दोन्ही कडांना. आकडे वेगळे आले तर सगळ्यांत लहान तोच खरा धरायचा, कारण चौकट तिथेच अडणार. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर ओपनिंग गुण्यात आहे. बाजू उभ्या सरळ आहेत का, ते गवंड्याला ओळंबा लावून दाखवायला सांगा. हे सगळं लिंटेल पडण्याआधी झालं तर चार विटा काढून भागतं. जुन्या पद्धतीनं आधी चौकट उभी करून भोवती भिंत चढवणार असाल, तर हीच मापं चौकटीची घ्या, आणि बांधकामाच्या भारानं ती मध्ये दबू नये म्हणून आतून आडवी फळी ठोकलेली आहे का, ते पाहा.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. “ताई, आर्किटेक्टशी बोलले. आईबाबा येऊन राहतील त्या खोलीच्या न्हाणीघराचं ओपनिंग तीन फूट केलं. ३६ मधून ५ गेले, दाराचा १ गेला, वाट ३० इंच. बरोबर ना?”

बरोबर. सासूबाई शेजारीच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आता त्या वॉकर घेऊन आपल्या आपण न्हाणीघरात जातात. म्हणाल्या, “तिला म्हणावं, ओट्याला काळाच दगड घे. डाग दिसत नाहीत.”