मेंदूतील धमनीचा फुगा

मुठेच्या काठचे वारजे 1997 साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मळ्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. डोकेदुखीविषयीची जुनी समजूत मात्र अन्य गावांप्रमाणे येथेही टिकून आहे. ऊन लागले, पित्त झाले, जागरण झाले, असे म्हणून कपाळाला बाम चोळावा व पडून राहावे. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. परंतु क्षणार्धात शिगेला पोहोचणारी, पूर्वी कधीही न अनुभवलेली डोकेदुखी निराळी होय. तिच्या जोडीला उलटी, मानेचा ताठरपणा किंवा शुद्ध हरपणे असल्यास मेंदूतील धमनीचा फुगा फुटल्याचा संशय घ्यावा लागतो.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. तिला जेथे फाटे फुटतात तेथे रक्ताचा मारा अधिक असल्याने दुबळ्या भिंतीला फुगवटा येतो. उच्च रक्तदाब व धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. बहुसंख्य फुगे काही मिलिमीटरांचेच असून जन्मभर फुटत नाहीत. 25 मिलिमीटरांहून मोठा ‘महाकाय’ फुगा विरळा. तो न फुटताही शेजारच्या नसा दाबतो. पापणी लोंबते, दृष्टी मंदावते आणि रुग्ण प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जातो!

फुटलेल्या फुग्यातील रक्त सी.टी. स्कॅनमध्ये पहिल्या 6 तासांत सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे ते विरत जाते व पाठीच्या कण्यातील पाणी तपासावे लागते. फुग्याची नेमकी जागा धमनीत द्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून कळते. ही पद्धत एगास मोनिझ यांनी 1927 साली लिस्बन येथे प्रथम वापरली.

1937 साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला. आजही तत्त्व तेच आहे. सूक्ष्मदर्शकाची जोड तेवढी मिळाली. दुसऱ्या पद्धतीत जांघेतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. महाकाय फुग्याची मान रुंद असल्याने चिमटा सहज बसत नाही. कधी रक्ताला आधी पर्यायी वाट करून द्यावी लागते.

फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो. म्हणूनच बाम लावून काढलेली रात्र जिवावर बेतू शकते. 108 क्रमांकावर शासनाची रुग्णवाहिका मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूवरील शस्त्रक्रियांचा समावेश असून, अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत मार्गदर्शन करतात. शस्त्रक्रियेनंतरही धमन्या आकुंचन पावण्याची भीती असल्याने रुग्णाला साधारण 2 आठवडे देखरेखीखाली ठेवण्यात येते.